वखारीतलं पाणी

गुंजी, १९ जून

आक्का, जयभीम.

पुढं 'सप्रेम' लिहायचं का ते ठरेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडलीय. वाटलं तर तूच भर.

कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. भावकूच्या फोनवरून लावला तर 'हॅलो' म्हणालीस आणि माझा आवाज ऐकल्यावर ठेवून दिलास. भावकू म्हणजे माझा सध्याचा मालक. गुंजी स्टेशनाबाहेर त्याची चहाची टपरी आहे. तो म्हणतो, "बहीण डॉक्टर हाय म्हणतोस, आन् ती तुज्याशी बोलत न्हाय म्हणतोस. दोन्हीतलं एक कायतरी खोटं हाय रं." मी म्हटलं, दोन्ही खरं आहे, म्हणूनच तर तुझ्याकडं कपबशा धुतोय.

गुंजी तसं बरं गाव आहे. इथं एक कुत्रं आहे. ते लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीवर भुंकतं आणि बेळगावकडून येणारीला शेपूट हलवतं. शहराकडून येणाऱ्याला मान द्यायचा हे कुत्र्यालासुद्धा कुणी शिकवलं कोण जाणे.

असो. मुद्दा राहिला.

परवा भज्याच्या कागदावर तुझा फोटो निघाला. स्टेज, हार, खांद्यावर शाल. खाली लिहिलेलं की पूरग्रस्तांच्या छावणीत साथीचा एकही रुग्ण होऊ न दिल्याबद्दल आरोग्य खात्यातल्या डॉ. पारमिता यांचा सत्कार. तेलाचा डाग बरोबर तुझ्या तोंडावर पडला होता. मी पुसून बघितलं, गेला नाही.

एकही रुग्ण नाही. मग आपली आत्या कशानं गेली गं?

तिच्या कागदावर हृदयविकार लिहिलंय. माणूस मेलं की हृदय थांबणारच, त्यात विकार कसला? आई गेल्यावर जिनं आपल्या दोघांना वाढवलं ती पारूबाई गेल्या ऑगस्टात वखारीत माझ्यासमोर पिळून काढलेल्या धडप्यासारखी झाली. डोळे आत, जीभ कोरडी, पायात गोळे. आणि आजूबाजूचे सगळे एकच म्हणत होते, "तंबाखू लागलीया, गूळ द्या."

ते का म्हणत होते ते मला कळतं. नदी वस्तीत शिरली आणि सरकारनं आपल्याला निपाणीच्या रिकाम्या वखारीत नेऊन टाकलं. वखार रिकामी म्हणजे पोती उचललेली. तंबाखूचा भुगा तसाच. भिंतीला पाठ टेकली की शिंक, पोरांनी लोळण घेतली की शिंक. ज्याला सवय नाही त्याला तंबाखू लागते, गरगरतं, ओकारी येते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालापण ठाऊक. म्हणून ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा कुणी दचकलंच नाही. तू जीपमधून आलीस, काय होतंय विचारलंस. वस्तीच्या वतीनं हौसाक्का म्हणाली, "तंबाखू लागलीया, दुसरं काय व्हणार?" आणि तू मान डोलावलीस. परका डॉक्टर असता तर त्याला काही कळलं नसतं आणि तो नमुना घेऊन गेला असता. तू विडीवालीची लेक. तुला कळलं. घोळ तिथंच झाला.

पण आक्का, आत्यानं उभा जन्म त्याच वखारीत तंबाखू चाळली. विड्या वळता वळता आपल्याला घास भरवले. तिला तंबाखू लागायची असती तर तू जन्मायच्या आधी लागली असती. एवढं तरी तुझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं का नाही?

निपाणीचा एक ट्रकवाला सांगत होता, यंदा पूर आला तर छावणी त्याच वखारीत. म्हणजे अंगणातली बोअर पण तीच. गेल्या वर्षी संडासाचे खड्डे बोअरच्या वरच्या अंगाला मारले होते, कारण कंत्राटदाराचं मशीन फाटकातून पुढं जात नव्हतं. तू ते बघितलेस. नदी चढायच्या आत तुझ्या खात्याला एक ओळ लिही, की त्या बोअरचं पाणी वाईट आहे आणि पारूबाई त्यानं गेली. मला दुसरं काही नको. शाल पण ठेव.

रत्न्या
(भीमरत्न लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं कुठला पेशंट आहे.)


मच्छे, ६ जुलै

आक्का, जयभीम.

उत्तर आलं नाही. तुझं पत्र गुंजीला गेलं असेल आणि मी इथं आलो असेन असं म्हणून बघितलं. पण भावकूला विचारलं, तो म्हणाला, "लाईटबिलाशिवाय हितं कायबी येत न्हाय."

हो, गुंजी सोडलं. कुत्र्याला भजी चारतो म्हणून वाद झाला. आता मच्छ्याला एका फौंड्रीत आहे. ओतकामातून निघालेले तुकडे घासायचे. नाकात काळं, थुंकीत काळं. मास्क देतात, पण तो साहेब यायच्या दिवशी घालायचा असतो. तुमच्या खात्यातनंच कुणी शिकवलं असणार.

ते जाऊ दे. काल बसस्टॉपवर सोनम भेटली. तुझ्या हॉस्टेलातली, आता बेळगावात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे ती. मला बघून म्हणाली, "काय रे रत्न्या, वाळलास की! आणि पारमिताची तब्येत आता बरी ना?"

"तिला काय धाड भरलीया?" मी म्हटलं.

"असं बोलू नये. गेल्या ऑगस्टात लई घाबरवलं बाई तिनं. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला सलाईन. रात्रभर मीच बसलेली की."

"काय झालतं?"

"कॉलरा. तपासणीत आला. तुला ठाऊक न्हाय?"

मी म्हटलं, ठाऊक आहे, ठाऊक आहे. का म्हटलं कुणास ठाऊक. माझी बस आली तरी मी चढलो नाही. दुसरी आली, तिच्यातपण नाही. सोनम मात्र पहिल्याच बसनं गेली, हात हलवत.

आता ह्या कागदावर मी ते सरळ मांडून बघतोय. माझं शिक्षण बारावीच्या दारापर्यंतच, पण एवढं मांडता येतं.

तुला आठवत असेल, तलाठी वस्तीत यायचा तेव्हा आपले आप्पा आधी तांब्या पुढं करायचे. तो म्हणायचा, "नको, आत्ताच पिऊन आलो." ग्रामसेवक, मास्तर, मत मागायला येणारे, सगळ्यांचं तेच. ते गेले की आप्पा खो खो हसायचे. "ह्या वस्तीत येणारा परत्येक माणूस आत्ताच पिऊन आलेला असतोय. वाटंत कुठं एवढं पाणी मिळतंय रं ह्यास्नी?" तू हसायची नाहीस. तू रागानं लाल व्हायचीस. म्हणायचीस, मी साहेब होईन तेव्हा आधी पाणी पिईन, मग बोलेन.

आणि झालीस. गेल्या वर्षी, ओकाऱ्या सुरू व्हायच्या आधी, तुझी जीप पहिल्यांदा वखारीच्या दारात थांबली. ड्रायव्हरच्या हातात तुझी सीलबंद बाटली होती. आत्यानं बोअरवरनं तांब्या भरून आणला. तू बाटलीकडं बघितलंस, आत्याकडं बघितलंस आणि तांब्या वर करून सगळा प्यालीस. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हौसाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, माझ्यापण.

त्यानंतर त्या छावणीत कुणी पाणी उकळलं नाही. क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा होता, त्यावर हौसाक्का पाय ठेवून बसायची. "डॉक्टरीण तशीच प्याली, आता आपल्याला कशाला औषिदाचा वास?"

तू प्यालीस त्याबद्दल माझं भांडण नाही. ते मला अजून आवडतं. भांडण पुढचं आहे. त्याच बोअरचं पाणी तुला बाधलं आणि आत्याला बाधलं. तुला बेळगावात सलाईन मिळालं, तिला वखारीत गूळ. तू उठून बसलीस, तेव्हा तुझ्या हातात तपासणीचा निकाल होता. म्हणजे आत्याला काय झालं होतं ते तुला कळलं होतं. आणि उठल्यावर पहिली सही केलीस ती 'साथ नाही' ह्याच्यावर.

एक रुग्ण दाखवला की छावणीला साथ लागली म्हणायचं, मग वरनं चौकशी, टीव्हीवाले, मंत्री. एवढ्यासाठी तो एक कुणालाच नको होता. मला कळतं गं, मी काय खुळा नाही. पण तो एक रुग्ण तूच होतीस की. स्वतःलासुद्धा मोजलं नाहीस?

ओळ लिही, आक्का. नदी अजून पात्रात आहे.

रत्न्या


निपाणी, २४ जुलै

आक्का,

नदी पात्रात नाही.

धरणाचं पाणी सोडलं का नाही ह्यावर दोन सरकारं भांडत बसली आणि तोवर ते वस्तीत आलं. मी फौंड्री सोडून इकडं आलोय. परवापासून सगळे वखारीत. फाटकावर 'काळजी केंद्र' असा बोर्ड आहे. कानडीत लिहिलेला, पण शब्द दोन्हीकडं एकच, म्हणून आपली माणसं दोन्ही भाषांत काळजी करत बसलीत.

मदत लई येतेय. एका संस्थेनं दातांचे ब्रश वाटले. हौसाक्काला एकही दात नाही, तिनं तो शेळीला दाखवला. दुसरी संस्था बिस्किटं घेऊन आली, आधी फोटो, मग पुडा. फोटोत नीट आला नाही म्हणून म्हाताऱ्या गुंडूमामाला तोच पुडा तीनदा घ्यायला लावला. तो म्हणाला, "तीनदा घेतला तर तीन द्या की रं!" दिले नाहीत. साड्यांची गाठोडी आली, त्यात एक वकिलाचा काळा कोट निघाला. तो मी घातलाय. गार वारा आहे.

बोअर तीच. संडास पण तिथंच, यंदा पत्रे नवीन. आणि बोअरच्या वर भिंतीवर रंगवलंय, 'येथील पाणी पिण्यास योग्य आहे'. कानडीत आणि मराठीत. खाली तुझं नाव.

मी आल्या आल्या सांगायला लागलो, उकळून प्या, नाहीतर टँकरचं प्या, गोळ्या टाका. काय म्हणाले ठाऊक आहे?

"तू डॉक्टर हाईस का ती?"

"वकील हाय त्यो," गुंडूमामा म्हणाला, "कोट बघा की." सगळी वखार हसली.

हौसाक्का म्हणाली, "रत्न्या, तू एका जागी चार म्हैनं टिकत न्हाईस आन् आमाला शिकीवतोस? पारमितानं नाव घातलंया तितं. आपल्या पोरीचं नाव हाय. परक्याचं असतं तर आमी पण इचार केला असता."

हे ऐकतेयस ना? परक्याचं असतं तर विचार केला असता.

आज सकाळी हौसाक्काच्या सुनेला, माधवीला, उलट्या सुरू झाल्या. कुणीतरी गूळ आणला. मी तो हिसकावून फेकला. हौसाक्कानं माझ्या मुस्काटात दिली. म्हातारीचा हात अजून जड आहे. तरीपण मी माधवीला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलंय. कोट तिच्या अंगावर घातलाय.

तुझ्या सलाईनचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. एवढं एक तुझ्यासाठी दाबून ठेवलंय. पण माझ्या तोंडात काही राहत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू ये. माझ्या सांगण्यानं ही माणसं ऐकणार नाहीत, तुझ्या ऐकतील. लिहायचं नसेल तर लिहू नको. बोअरपाशी उभी राहून तोंडानं बोल, 'हे पाणी पिऊ नका, मला बाधलं होतं.' त्याला सही लागत नाही, शिक्का लागत नाही. पत्र पोचायला वेळ नको म्हणून हे सोनमकडं माणसाबरोबर पाठवतोय. ती तुझ्या हातात देईल.

रत्न्या


निपाणी, २ ऑगस्ट

डॉ. पारमिता यांस,

पत्र मिळालं म्हणायचं. काल तू आलीस.

तू जे बघितलंस तेच परत लिहितोय, कारण तू मान वर करून बघितलं नाहीस.

जीप दिसली तशी पोरं ओरडत आत आली, "आक्का आली, आक्का आली!" हौसाक्कानं तांब्या राखेनं घासला. माधवी अजून दवाखान्यात, घरचं माणूस सलाईनवर, तरी तिनं तांब्या लखलखीत घासला. बोअरवर जाऊन भरला. मी आडवा गेलो, तर मला कोपरानं बाजूला सारलं. तुझ्यापुढं धरून म्हणाली, "पारू न्हाय गं आता, म्हणून मी आणलं."

मला वाटलं, आता बोलशील. तुझे ओठ हललेपण. मागं तुझे वरचे साहेब उभे होते, कोरे करकरीत बूट घातलेले.

तू म्हणालीस, "नको हौसाक्का. आत्ताच पिऊन आले."

आक्का, तुझ्या तोंडातनं ते कसं निघालं? तुला दुसरी शंभर वाक्यं येतात, कानडीत येतात, इंग्रजीत येतात. तेच बरं सापडलं?

मग तू माधवीचं विचारलंस, गोळ्यांचा डबा आहे का विचारलंस, साहेबांना पत्र्याचे संडास दाखवलेस आणि जीपमध्ये बसलीस. हौसाक्काच्या हातात तांब्या तसाच. काठोकाठ. पण सांडू देत नव्हती.

जीप वळल्यावर गुंडूमामा थुंकला. "झाली साहेब."

पोरांतला एक म्हणाला, "परत आली तर काच फोडतो."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. सोनम, सलाईन, तपासणी, सही. दाबून ठेवलेलं ते एकदम बाहेर आलं, धड सांगितलं का नाही तेपण आठवत नाही. मला वाटलं पुन्हा मुस्काटात बसणार. म्हणून तोंड पुढंच केलं.

हौसाक्का खाली बसली. तांब्या मांडीवर. मग म्हणाली, "म्हंजे पोरीला आमचा विटाळ न्हाय झाला. तिला ह्येचं भ्या हाय."

"व्हय," मी म्हटलं.

"आन् पारूला ह्योच तांब्या."

"व्हय."

"मग सांगायला तोंड न्हवतं व्हय रं तिला?"

ते उत्तर जीपमधनं गेलं होतं.

तिनं उठून तांब्या गटारात उलटा केला. आपल्या लुगड्याचं फडकं फाडलं आणि बोअरच्या नळाच्या तोंडाला बांधलं, गच्च, विडीच्या कट्ट्याला दोरा मारतात तसं. मग बायकांना म्हणाली, "त्यो गोळ्यांचा डबा आणा हिकडं. आन् ज्येनं हितनं पाणी घेतलं त्येचा हात मोडीन." पुरुष टँकर गाठायला चौकात गेले. गुंडूमामानं चुली पेटवल्या. कालपासून उकळलेलं पितायत. तोंड वाकडं करतात, पण पितात.

म्हणजे बोअर बंद झाली. मला तेवढंच पाहिजे होतं. तुझ्या ओळीशिवाय झालं. माधवी परवा घरी येईल म्हणतात, घरी म्हणजे वखारीत. तिच्या कागदावर अपचन लिहिलंय. आत्याच्या कागदावर हृदय आहेच. भिंतीवर तुझं नाव आहे, 'पिण्यास योग्य' आहे, आणि त्याच्या खाली तोंड बांधलेला नळ आहे. फोटो काढायला छान जागा आहे. साहेबांना सांग.

काच फोडणार म्हणणाऱ्या पोराला हौसाक्कानं गप्प केलं. म्हणाली, "तिला कोण शिवी द्यायची न्हाय. दगूड तर न्हाईच न्हाय. शिकीवली आपुनच. पण तिला आता पाणी इचारायचं न्हाय. प्याली तरी तिला तरास, न्हाय प्याली तरी आपल्याला." सगळ्यांनी माना हलवल्या. असं वस्तीत पहिल्यांदाच ठरलं. तलाठ्याला विचारत होते, मतं मागणाऱ्यांना विचारत होते, तुला विचारायचं नाही ठरलं.

मी आता इथून कुठं जाणार ठाऊक नाही. सदलग्याला एकजण ट्रॅक्टरवर बोलावतोय. पण आत्याचं वर्ष होईपर्यंत थांबतोय. ह्या महिन्यातच पुण्यानुमोदन ठेवलंय, पाणी ओसरलं तर वस्तीत, नाहीतर इथंच वखारीत. तिची एकुलती एक शिकलेली पोर तू. यायला पाहिजेस. कुणी तुला काही बोलणार नाही, बसायला चटई देतील, वंदनेला पुढं बसवतील.

फक्त घरून पिऊन ये.

भीमरत्न